शंभर सालचा रोमन शिपाई रंगवताना

मुलांच्या एका पुस्तकासाठी रोमन पायदळातला शिपाई रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मजकुरात नुसतं 'रोमन सैनिक' होतं. तेवढ्यावर चित्र होत नाही, कारण रोमचं सैन्य कित्येक शतकं लढत होतं आणि ढालीपासून चपलांपर्यंत सगळं बदलत गेलं. म्हणून आधी मी त्याला गाव आणि साल दिलं: उत्तर इंग्लंडमधला विंडोलांडाचा किल्ला, इ.स. 100 च्या आसपास. रोमन सम्राट हेड्रियनने तिथल्या सीमेवर बांधलेल्या भिंतीचं काम 122 मध्ये सुरू झालं, म्हणजे ती अजून उभी नाही. किल्ल्यात आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या भागातून भरती झालेल्या साहाय्यक तुकड्या, म्हणजे रोमचे नागरिक नसलेल्यांच्या पलटणी, आहेत.

एवढं ठरल्यावर चिलखताचा प्रश्न पुढे सरकला. रोमन शिपाई म्हटलं की लोखंडी पट्ट्यांचं चिलखत डोळ्यांपुढे येतं. त्याची जोडणी अभ्यासकांना नीट उमगली ती 1964 मध्ये विंडोलांडाजवळच्याच कॉर्ब्रिजला चिलखताचे भाग असलेली, पुरलेली एक पेटी सापडल्यावर. सम्राट ट्राजनने डेशियात (आजच्या रुमानियाच्या भागात) केलेली युद्धं रोममधल्या त्याच्या स्तंभावर (इ.स. 113) कोरली आहेत. तिथे लीजनचे, म्हणजे रोमन नागरिकांच्या मुख्य पलटणींचे, सैनिक पट्ट्यांच्या चिलखतात आहेत आणि साहाय्यक शिपाई एकमेकांत गुंफलेल्या लोखंडी कड्यांच्या. पण रुमानियातल्या आदामक्लिसीच्या स्मारकावर, त्याच युद्धांच्या आठवणीसाठी उभारलेल्या, लीजनचे सैनिकही कड्यांच्या नाहीतर खवल्यांच्या चिलखतात दिसतात. शहरातल्या शिल्पकारांनी बघणाऱ्याला माणसं चटकन ओळखू यावीत म्हणून वेश वाटून दिले असावेत, असं मला वाटतं. सीमेवरच्या ओबडधोबड कोरीवकामावर माझा जास्त भरवसा आहे. माझ्या शिपायाला कड्यांचं चिलखत दोन्हीकडून लागू पडत होतं. सोबत सपाट लंबगोल ढाल, भाला, आणि उजव्या कमरेला आखूड तलवार.

खरा वेळ गेला कपड्यांत. लोखंड गंजून का होईना, उरतं. लोकर कुजून जाते. त्यामुळे इथे कागदपत्रांचा आधार घ्यावा लागतो, आणि ते वाचताना मी हरखून गेलो. इजिप्तमधल्या फिलाडेल्फिया गावच्या विणकरांना 138 साली कप्पाडोकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सैन्यासाठी दिलेली ऑर्डर पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, टिकली आहे: अंगरखा पांढरा, लांबी साडेतीन हात, रुंदी तीन हात चार अंगुळं, लोकर मऊ, स्वच्छ, शुभ्र. म्हणजे हा कपडा अंगाला चापून बसणारा नव्हे. चांगला ऐसपैस, पट्ट्याने वर खोचून घेतलेला. चित्रातल्या घड्या त्या मापावरून पडल्या. इजिप्तची ऑर्डर ब्रिटनला जशीच्या तशी लावता येत नाही, म्हणून मी न रंगवलेल्या लोकरीचा मळकट पांढरा रंग घेतला. लाल रंगाचा आग्रह झाला, तेव्हा हा पपायरसच पुढे केला.

पायांसाठी तर विंडोलांडासारखी जागा नाही. तिथल्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत पाच हजारांहून जास्त पादत्राणं टिकली आहेत. 1973 पासून तिथे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्याही मिळत आल्या आहेत. त्यांचं वाचन भाषांतरासह इंटरनेटवर बघता येतं. एका तुटक्या पत्रात मोजे, सँडलचे दोन जोड आणि आतल्या दोन चड्ड्या पाठवल्याचं लिहिलं आहे. त्या थंडीत कोणीतरी कोणाची तरी काळजी घेत होतं. माझ्या शिपायाला लोकरी मोजे मिळाले ते या पत्रामुळे. त्यावर तळाला खिळे ठोकलेले बंद बूट, कारण उघड्या पट्ट्यांच्या जुन्या चपला तोवर मागे पडू लागल्या होत्या.

आणखी एक कागद चित्रात उतरला. इजिप्तमधल्याच, इ.स. 81 च्या सुमाराच्या एका पगारपत्रकात शिपायाच्या 248 द्राख्मांच्या (द्राख्मा म्हणजे तिथलं नाणं) हप्त्यातून जेवणाचे 80, बूट-पट्ट्यांचे 12 आणि कपड्यांचे 60 कापलेले आहेत. पदरचे पैसे भरून घेतलेला अंगरखा माणूस सहज टाकून देणार नाही, म्हणून मी त्याच्या खांद्याजवळ एक ठिगळ काढलं.

पुढच्या पानावर इ.स. 9 मधला लीजनचा सैनिक हवा आहे. त्यासाठी त्या सालच्या लढाईची जागा मानल्या जाणाऱ्या जर्मनीतल्या काल्क्रीजला 2018 मध्ये सापडलेल्या पट्ट्यांच्या चिलखताचे फोटो जमवायला घेतले आहेत.