जर्मनीतला बाल्कनी सोलर: इन्व्हर्टर आहे, पण बॅकअप नाही

जर्मनीत बाल्कनीच्या रेलिंगला दोन काळी सोलर पॅनेल अडकवलेली हल्ली सर्रास दिसतात. त्यांची वीज छोट्या इन्व्हर्टरमधून जाते आणि साध्या प्लगने घरच्या सॉकेटमध्ये सोडतात. 2025 मध्ये अशा नोंदणीकृत संचांचा आकडा 10 लाखांवर गेला. भांडण व्हायचं ते परवानगीवरून: भाडेकरूला पॅनेल हवं आणि घरमालक म्हणणार, इमारतीची शोभा जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये कायदा बदलला. परवानगी आजही मागावी लागते, पण सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. सोसायटीत ठराव लागतोच.

मे 2024 पासून पॅनेल मिळून 2000 वॅटपर्यंत आणि इन्व्हर्टर 800 वॅटपर्यंत चालतो. आधी 600 ची मर्यादा होती. 2023 पासून व्हॅट शून्य आहे. सरकारी पोर्टलवर महिन्याभरात नोंदणी केली की झालं, वीजवाहिनी कंपनीला वेगळं कळवण्याची कटकट गेली.

आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे बॅटरी, लाइट गेली की पंखा चालू. इथला मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारी छोटी पेटी, बरोबर उलटा वागतो. ग्रिडची वीज गेली की तो क्षणात बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये आणि उपसलेल्या प्लगच्या पिना जिवंत राहू नयेत, म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं.

चुका ठरलेल्या. प्लग भिंतीतल्या सॉकेटऐवजी एक्स्टेंशन बोर्डात खुपसणं ही सगळ्यात वाईट: त्याच बोर्डावर हीटर आणि किटली असली तर ग्रिडचा करंट अधिक पॅनेलचा करंट बोर्डाच्या पट्टीतून जातो आणि एमसीबीला फक्त ग्रिडचा दिसतो. पट्टी तापते, एमसीबी पडत नाही. दुसरी चूक रेलिंगची. पॅनेल वीसेक किलोचं, पण खरी ओढ वाऱ्याची. प्लास्टिकच्या झिप टायवर भिस्त ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!

जादा वीज ग्रिडमध्ये फुकट जाते, म्हणून वॉशिंग मशीन दुपारी लावायचं. जुन्या तबकडीच्या मीटरवर मात्र ती फुकट जात नाही, तबकडी चक्क उलटी फिरते. नवीन मीटर बसेपर्यंत कायद्याने तेही चालवून घेतलं जातं.