आमची वाटचाल: तीन आकड्यांची काच

ग्लुकोमीटरवर वाचायचे ते तीनच आकडे. आमची फर्म त्यांच्यावरच उभी राहिली आणि बुडायला आली तीही त्यांच्याच पायी.

आम्ही सेगमेंट एलसीडीच्या, म्हणजे ठरलेल्या छोट्या पट्ट्या (सेगमेंट) उमटवून आकडे दाखवणाऱ्या पडद्यांच्या काचा आखतो. आमची पहिली मोठी काच ६४ सेगमेंटची, १/४ ड्यूटी (प्रत्येक सेगमेंटला पाळीपाळीने पाव वेळ), १/३ बायस (व्होल्टेजच्या तीन समान पायऱ्या); चार कॉमन (सामाईक लाइन), सोळा सेगमेंट लाइन, एकूण २० पाय (जोडणीची टोकं). या मांडणीत चालू आणि बंद सेगमेंटच्या आरएमएस, म्हणजे परिणामी व्होल्टेजचं गुणोत्तर १.७३ मिळतं; ते जितकं मोठं, तितका दोन्हींतला फरक ठळक. एका स्पर्धकाने आकड्यांची आमचीच आखणी उचलली आणि १/८ ड्यूटीवर बसवली. पाय १६ झाले, गुणोत्तर १.४५ वर आलं. खोलीच्या तापमानाला दोन्ही काचा सारख्याच दिसतात. उष्णतेत मात्र द्रवस्फटिकाचा थ्रेशोल्ड (सेगमेंट उमटायला लागणारं किमान व्होल्टेज) खाली येतो आणि बंद सेगमेंटही पुसट उमटतात. थंडीत तो वर चढतो आणि चालू आकडाच विरतो. व्होल्टेज वाढवलं की घोस्टिंग (बंद सेगमेंटची पुसट छाया), उतरवलं की फिका आकडा. मधली फटच अरुंद, तिथे तापमान-भरपाईचं सर्किट तरी किती सावरणार? नमुन्यांची तपासणी झाली ती गार खोलीत. आमचा सर्वांत मोठा ग्राहक तिकडे गेला, मास्क (काचेवर आखणी उतरवण्याचा साचा) आणि टूलिंगचे पैसे अडकले, पगार थकले. चार पाय वाचवल्याबद्दल त्यांचं कौतुक झालं! ही सल अजून गेलेली नाही.

तगलो ते एका छोट्या मीटर-उत्पादकामुळे. त्यांनी पुढच्या काचेचा मास्क-खर्च आगाऊ दिला आणि अट घातली एकच: मीटर उलटा धरला तर ते धरणाऱ्याला कळलं पाहिजे. अट क्षुल्लक नाही. सात-सेगमेंटमधला ५६ उलटा धरा, स्वच्छ ९५ वाचता येतो. साखर घसरलेली आणि माणूस निर्धास्त. साखर मोजण्याच्या मर्यादेखाली गेल्यावर दिसणारी ‘एल’ आणि ‘ओ’ ही अक्षरं उलटली की ०७ होतात. आकडे तिरके केले तरी उपयोग नाही, १८० अंशांत फिरवल्यावर तिरपेपणा तसाच राहतो. म्हणून एकक नेहमी आकड्यांखाली आणि काचेवर कायमचं छापलेलं, थेंबाचं चिन्ह नेहमी वर. ते ग्राहक आजही आमच्याकडेच आहेत. त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. आकड्याची उंची सौंदर्यावर ठरवू नका. ६/६० नजरेच्या (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणाऱ्या) माणसाला ४० सेंटिमीटरवरून अक्षर जेमतेम ओळखायलाच ५.८ मिलिमीटर लागतात. सहज वाचायला दुप्पट-तिप्पट धरा. रेटिनोपॅथी (मधुमेहाने होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) आणि मोतीबिंदू असलेलेही हे यंत्र वापरतात, त्यामुळे काँट्रास्टमध्ये काटकसर नको. दृश्यदिशा सहा वाजताची, म्हणजे खालच्या बाजूने ठळक दिसणारी घ्या, कारण मीटर टेबलावर पडलेला असतो आणि माणूस खालच्या बाजूने पाहतो. एकक कारखान्यातच कुलूपबंद करा. ५.६ मिलिमोल म्हणजे सुमारे १०१ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर. बिंदू नजरेतून सुटला की ५.६ चा ५६ होतो. बिंदू जाड चौकोनी आणि पुढचा आकडा लहान ठेवा.

रंगीत पडद्यावर सतत मोजणी दाखवत असाल तर तांबडा-हिरवा एवढ्यावर विसंबू नका, साखर कुठे चालली ते दाखवणाऱ्या बाणाचा आकारच बोलला पाहिजे. आडवा, तिरका, उभा. कुठला बाण मिनिटाला किती मिलीग्रॅमच्या बदलाला, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहा. ॲनिमेशन तर नकोच.

सर्वांत घातक बिघाड गुपचूप होतो. मधला सेगमेंट गेला की ८ चा ० होतो, वरचा गेला की ७ चा १, म्हणजे १७० चा ११०. म्हणून सुरू होताच दोन-तीन सेकंद ८८८ सकट सगळी चिन्हं पेटवा आणि लगेच पडदा पूर्ण कोरा करा. पहिल्यात तुटलेला सेगमेंट सापडतो, दुसऱ्यात अडकलेला. बिघाडाचं कारण बहुतेकदा झेब्रा पट्टी, म्हणजे काच आणि बोर्ड जोडणारी रबरी वाहक पट्टी असते. ती उंचीच्या साधारण १० ते १५ टक्के दाबली गेली पाहिजे; कमी दाबलीत तर संपर्क सुटतो, जास्त दाबलीत तर पट्टी वाकून शेजारचे पाय जोडते. पट्टी बोटांनी उचलू नका, चिमटा वापरा. बसवण्याआधी काचेची कड आणि बोर्डाचे पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि पूर्ण वाळू द्या.