बल्ब खरं बोलत होता, पण बंद गाडीचं

आमच्या गाडीला वडील स्पोर्ट कार म्हणायचे. १९६६ ची, दोन दारांची, ९४८ सीसीची स्टँडर्ड हेरल्ड! पण ट्रायम्फ स्पिटफायर ही खरी स्पोर्ट कार हेरल्डचीच चासी आखूड करून बनवलेली, म्हणजे अगदीच थाप नव्हे. शिवाय बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं आणि पुढच्या चाकावर बसून काम करता येतं. माझ्या कंबरेच्या दृष्टीनं हीच तिची मोठी गोष्ट.

एप्रिलात चाळीसगावहून कन्नडला निघालो. घाटात पाय दाबला की इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, हाई गाडी म्हातारी व्हई गयी," आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) जरा फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागं घेतलं. आवाज गेला, पण गाडी ओढेना, आणि पुढच्या खेपेला अर्ध्या घाटात पाणी उकळलं. पुढं घेतलं तर ठोकते, मागं घेतलं तर तापते.

घरी आणून पहिल्यापासून सुरुवात केली. आधी पॉइंटची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या ज्या संपर्कांच्या उघडण्यानं ठिणगी पडते त्यांची गॅप, पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. हे आधीच करायचं, कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढं सरकतं. मग वडिलांची पद्धत: बारा व्होल्टचा बल्ब, एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. पुलीवरची खूण जुळली, बल्ब पेटला. सगळं बरोबर. घाटात पुन्हा तेच खडे.

इंजिनाच्या ओढीनं टायमिंग पुढं नेणाऱ्या व्हॅक्युमवर संशय होता, पण पाय पूर्ण दाबलेला असताना व्हॅक्युम उरतोच कुठं? म्हणजे गडबड दुसरीकडे होती. धुळ्याच्या मित्राकडून टायमिंग लाइट आणली (चालू इंजिनात दर ठिणगीला लखलखते आणि खूण कुठं आहे ते दाखवते), पुलीच्या खुणेला बायकोचं पांढरं नेलपॉलिश लावलं (विचारून), व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद केलं आणि गाडी चालू केली. नुसत्या आयडलवरच खूण बल्बनं दाखवलेल्या जागेच्या बरीच पुढं! जरा रेस दिली तर एकदम उडी मारून शेवटाला जाऊन थांबली. ती रेसबरोबर हळूहळू सरकायला हवी. चढावर इंजिन हळू फिरत असताना ठिणगी इतकी लवकर पडली, तर पिस्टन वर येतानाच दाब चढतो. खड्यांचा आवाज तोच.

डिस्ट्रिब्युटरची प्लेट काढली. खाली वेगाबरोबर बाहेर पसरून टायमिंग पुढं नेणारी दोन वजनं, त्यांना आवरणाऱ्या दोन स्प्रिंगा. एक मूळची. दुसरी बॉलपेनची, कापून, टोकं वाकवून बसवलेली.

करामत कुणाची ते लगेच कळलं. वडिलांच्या खिशाला कायम दोन पेनं असायची, त्यातलं एक बरेचदा उघडलेलं.

जोडीनं नव्या स्प्रिंगा बसवल्या, टायमिंग लाइटवर पुन्हा लावलं. गेल्या रविवारी घाट चढलो, पाणी उकळलं नाही. ती बॉलपेनची स्प्रिंग मी सरळ करून एका पेनात घालून पाहिली. तिथंही ढिलीच निघाली.