पोलीस भरती, आणि एका दाखल्यासाठी गेलेले पाच आठवडे

निवड झाल्यापासून चाळीतल्या पोरी विचारतात, "ताई, ग्राउंड कठीण असतं का गं?" असतं. पण मला विचाराल तर 800 मीटर धावणं परवडलं, उत्पन्नाच्या दाखल्याची खिडकी नको.

आम्ही ओबीसी. त्या कोट्यातून फॉर्म भरायचा तर नॉन-क्रिमिलेअर लागतं, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र. (खुल्या गटातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी ते लागायचं, ती अट 2023 मध्ये निघाली. आम्हाला मात्र लागतंच.) त्याच्यासाठी आधी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला. 2024 च्या भरतीचे फॉर्म 5 मार्चला सुरू झाले, शेवटची तारीख 31 मार्च. मी 6 मार्चलाच उत्पन्नाचा अर्ज टाकला. पंधरा दिवसांची मुदत असते, म्हणजे वेळेत होईल असं वाटलं.

माझे पप्पा टॅक्सी चालवतात, तीही दुसऱ्याच्या मालकीची, शिफ्टवर. पगाराची पावती नाही, फॉर्म 16 नाही, परमिट नावावर नाही. आहे तो फक्त बॅज आणि लायसन. 16 मार्चला लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि कार्यालयातली अर्धी माणसं निवडणुकीच्या कामाला लागली. त्यात फेब्रुवारीत मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण आलेलं, त्या दाखल्यांचीही गर्दी. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत. सगळी भरतीचीच मुलं.

22 मार्चला मोबाईलवर मेसेज आला: अर्ज परत, त्रुटी, उत्पन्नाचा पुरावा अपुरा. पुढे शनिवार, रविवारी होळी, सोमवारी धुळवड. मंगळवारी पप्पा आणि मी सकाळी सातला रांगेत. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "टॅक्सी चालवता याला पुरावा काय?" पप्पांनी बॅज काढून दाखवला. पंचवीस वर्षं वापरून त्याच्यावरचा नंबर झिजलाय. साहेबांनी तो हातातही घेतला नाही. "तलाठ्याचा चौकशी अहवाल आणा, आणि शंभरच्या स्टॅम्पवर अ‍ॅफिडेव्हिट." तलाठी कुठे, तर इलेक्शन ड्युटीवर. कधी येतील? "सांगता येत नाही." पप्पा एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर बॅज रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवला. तो क्षण मला अजून सहन होत नाही.

स्टॅम्प पेपरची गरजच नव्हती, हे मला नंतर कळलं. असल्या दाखल्यांना 2015 पासून साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. पण दाराशी बसलेल्या टायपिंगवाल्याकडे आम्ही आधीच पैसे मोजून आलो होतो. तुम्ही मोजू नका.

त्या आठवड्यात पप्पांच्या चार शिफ्ट बुडाल्या. शुक्रवारी गुड फ्रायडे, पुन्हा सुट्टी. 31 तारीख जवळ आली तशी मला रात्री झोप येईना. रोज पहाटे पाचला उठून धावायची सवय होती, पण त्या आठवड्यात मैदानावर पाय टाकला नाही, आणि याचा मला आजही राग येतो. मग फॉर्मची मुदत 15 एप्रिलपर्यंत वाढल्याची बातमी आली. मी चाळीच्या जिन्यात बसून रडले.

शेवटी काम झालं ते माझ्या मामेबहिणीमुळे. ती आधीच पोलिसात आहे. ती म्हणाली, "भांडू नकोस, अपील टाक." लोकसेवा हक्क कायद्याखाली दाखला मुदतीत मिळाला नाही किंवा नाकारला, तर आपले सरकार पोर्टलवरूनच वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. मी त्याच रात्री केलं. सोबत टॅक्सीमालकाचं पत्र, पप्पांच्या बँक पासबुकाची तीन वर्षांची पानं आणि स्वयंघोषणापत्र जोडलं. 3 एप्रिलला उत्पन्नाचा दाखला आला. नॉन-क्रिमिलेअर 12 एप्रिलला, शुक्रवारी संध्याकाळी. 13 ला फॉर्म भरला, 350 रुपये फी. भरतीची जाहिरात यायच्या आधीच हे दाखले काढून ठेवा, आणि दाखल्याची तारीख जाहिरातीत मागितलेल्या मुदतीत बसते का तेही बघा.

बाकी सगळं सरळ गेलं. शिक्षण बारावी पास, मुलींना उंची 155 सेंटिमीटर. मैदानी चाचणी 50 गुणांची: 800 मीटर 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. मुलांना 1600 मीटर आणि सव्वासात किलोचा गोळा, आपल्याला चार किलोचा. निम्मे गुण पडले तरच लेखीचा विचार होतो. लेखी 100 गुणांची, दीड तासाची: अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. व्याकरण कोणी मनावर घेत नाही, मी घेतलं आणि तिथेच पुढे गेले. ज्यांना थेट फौजदार व्हायचंय त्यांचा रस्ता वेगळा, पदवी आणि एमपीएससी.

निवडीनंतर जातवैधता लागते, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा असल्याचं प्रमाणपत्र. तिच्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा शोधायला आम्ही संगमेश्वरला गेलो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात त्यांचं नाव आणि जात स्पष्ट होती. मास्तरांनी त्याच दिवशी उतारा दिला, चहाही पाजला.

आता प्रशिक्षण. बहिणीच्या बॅचचं नऊ महिन्यांचं होतं: पहाटे कवायत, मग कायद्याचे तास, हत्यारं, गोळीबार. तिने भारतीय दंड संहिता शिकली, मी 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता शिकणार. पुस्तक आधीच आणून वाचायला घेतलंय.

एक सांगायचं राहिलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते आजच बघा. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती, आणि ती अजून चकरा मारतेय.