मराठीला सीडी लागायची

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच काय काय भरून द्यावं हा विषय निघाला की हुशार मंडळी लगेच म्हणतात, कमीत कमी द्या, बाकी ज्याचं त्याने टाकावं. आता ज्याचं त्याने म्हणजे ज्याला जमतं त्याने, हे कोणी बोलत नाही.

विंडोज एक्सपी आठवा. सॉलिटेअर, माइनस्वीपर, तो पिनबॉल, मूव्ही मेकरसुद्धा, सगळं आयतं हजर, आणि मराठी साइट उघडली की चौकोन चौकोन, नाहीतर पहिली वेलांटी अक्षर सोडून पुढे जाऊन बसलेली आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. उपाय होता हो, कंट्रोल पॅनलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेसचा टॅब, मग कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या, म्हणजे मराठीसारख्या जोडाक्षरवाल्या लिप्यांच्या, चौकटीत टिक, ओके, की लगेच मागणी, एक्सपीची सीडी टाका! ती असायची पीसी असेंबल करून देणाऱ्याकडे, आणि तो फोन उचलायचा नाही. म्हणजे मराठी होती, पण सीडीत होती, पत्ते मात्र थेट स्टार्ट मेनूत. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ही टिकबिक गेली, आपोआप दिसायला लागलं, तेव्हा कुठे घरच्यांना 'मराठी वाचता येतं कॉम्प्युटरवर' हे सांगायची गरज संपली.

म्हणून उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमने 23.10 आवृत्तीपासून नेहमीच्या इन्स्टॉलमधून लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखं फुकट पॅकेज, काढलं त्याचं मला काही वाटत नाही, ज्याला हवं तो दोन मिनिटांत घेईल, पण आयपॅडला 2010 पासून थेट 2024 पर्यंत साधा कॅल्क्युलेटर नव्हता, याला काय म्हणायचं? एवढा महागडा पाटा घेऊन किराण्याची बेरीज मोबाईलवर.

फोनवाल्यांचं दुखणं उलटं. तिथे देतात ते देतात, वर काढू देत नाहीत. 2022 मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात 1337.76 कोटींचा दंड लावला, त्यात गूगलची अ‍ॅप्स फोनमध्ये सक्तीने भरायला लावणं हाही मुद्दा होता. आमच्या आईच्या फोनमध्ये कंपनीचं एक ब्राउझर आहे, रोज सकाळी नट्यांच्या बातम्या पाठवतं, अनइन्स्टॉल दाबायला गेलं तर ते बटणच नाही, नुसतं 'डिसेबल', आणि तेही पुसट, दाबलंच जात नाही. भरा की काय भरायचंय ते, पण ते बटण तरी जिवंत ठेवा ना राव.