गळू आंब्यानं होत नाही हो

पावसाळा लागला की आमच्या तालुक्याच्या लॅबमधे पू तपासाले येणारे वाढतात. घाम, चिखल, निंदताना पायाले लागलेलं, मच्छर चावून खाजवलेलं, लेकरांच्या नाकाखाली पिवळ्या खपल्या, अन् घरोघरी निदान एकच, आंबे जास्त झाले, उष्णता निघून रायली.

आंब्याचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा हे काम स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाच्या जंतूचं (आम्ही त्याले स्टॅफ म्हणतो) असते आणि तो काही दुरून येत नाही, धडधाकट दहा माणसांतल्या साधारण तिघांच्या नाकातच त्याचा मुक्काम असते, कातडी फाटली की आत घुसते. केसाच्या मुळाशी गेला की केस्तूड, खोल गेला की गळू, पापणीवर रांजणवाडी, अन् दोन-चार गळवं आतून जोडल्या गेली तर कार्बंकल, ते शुगरवाल्याले जास्त. तान्ह्या लेकराच्या कातडीचे पापुद्रे निघू लागले तर मात्र घरी थांबायचंच नाही, तिथं जंतूचं विष रक्तातून पसरलेलं असते.

आता ओळखतो कसा. पुवाची काच ग्रॅम स्टेननं (जंतू रंगवायच्या रंगानं) रंगवली की मायक्रोस्कोपखाली जांभळे गोल दाणे द्राक्षाच्या घडासारखे दिसतात, 1880 मधे स्कॉटलंडच्या अलेक्झांडर ऑगस्टन नावाच्या सर्जनले गळवाच्या पुवात हेच दिसले होते. पण नुसतं दिसून भागत नाही. वाढलेल्या जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं अन् बुडबुडे आले तर स्टॅफ, नाही आले तर स्ट्रेप्टोकोकस हा दुसरा जंतू असू शकते (ब्लड अगारवरून, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या थरावरून, उचलताना रक्त लागलं तर रक्तच बुडबुडे काढते, नवीन पोरं तिथंच फसतात). मग कोअ‍ॅग्युलेज, ही चाचणी म्हणजे सशाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पातळ भागात) जंतू घालून 37 डिग्रीवर ठेवायचा, चार तासात प्लाझ्मा गोठला तर ऑरियस. तेवढ्यात लाइन जाते, इन्व्हर्टरवर इनक्युबेटर चालवत बसा!

खरी गरज सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे कोणतं औषध लागू पडते ते पाहायची असते, कारण मेथिसिलिन हे अँटिबायोटिक 1959 मधे आलं आणि 1961 मधे त्याले दाद न देणारा स्टॅफ इंग्लंडात सापडलाबी. आम्ही वाढलेल्या जंतूवर सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची चकती लावून पाहतो, भोवती पुरेसं मोकळं वर्तुळ नाही पडलं तर एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनले दाद न देणारा स्टॅफ. पण लोकं आधी मेडिकलवरून दोन दिवसाच्या गोळ्या घेऊन येतात, मग कल्चरमधे (लॅबमधे जंतू वाढवायले लावतो त्यात) काही वाढतच नाही, गळू मात्र तिथंच, कारण साचलेला पू चिरा दिल्याशिवाय गोळीनं सहसा जात नाही.

मागं एक काकाजी आले, मानेवर गळू, वर्षात कितव्यांदा तरी. म्हटलं शुगर पाहून घेऊ. तर म्हणे, "गळू मानेवर अन् रक्त बोटातलं काहून बाप्पा?" काढलं तर 280 निघाली, डॉक्टरनं चिरा दिला अन् शुगरच्या गोळ्याबी त्याच दिवशी चालू केल्या.