ओहोटी बघून निघा

घरातली सगळी वयं एकदम बाहेर काढायची असतील तर गड नको, हे मी आता उघड म्हणते, कोणाला राग आला तरी चालेल. गडावर काय होतं, पोरं आणि त्यांचे काका पहिल्या दरवाजात पोचून फोटो काढून मोकळे, मधली मंडळी बाटल्या आणि जॅकेटं सांभाळत कुठेतरी अर्ध्यात, आणि ज्येष्ठ मंडळी पायथ्याच्या टपरीवर "आम्ही इथेच बसतो, तुम्ही या जाऊन" म्हणत चहावर चहा. म्हणजे गाडीतून गेलो एकत्र आणि ट्रिपा झाल्या तीन.

सपाट वाळूच्या किनाऱ्यावर हे होत नाही. माझ्या डोळ्यासमोर आहे ती गुहागरची पुळण, आत्याचं घर तिथल्या खालचा पाट या वस्तीत म्हणून. गाव म्हणजे एक लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूला घरं, घरामागे माड-पोफळीचं आगर, आगर संपलं की सुरूची झाडं आणि पलीकडे थेट वाळू. असगोली गावापासून बाग नावाच्या वस्तीपर्यंत सहाएक किलोमीटर सरळ सपाट किनारा. व्याडेश्वराच्या देवळाच्या मागच्या भागात भेळ, सरबत, उंट, सगळी जत्रा असते पण तिथून पंधरा मिनिटं कुठल्याही बाजूला चालत राहा, माणसं संपतात.

आणि मग कुटुंब आपोआप पसरतं. कोणी कोणाला "थांब रे" म्हणत नाही. मुलगी पुढे दोनशे मीटर पळत जाते, परत येते, काहीतरी दाखवते, परत पळते, तिचं चालणं आमच्या दुप्पट होतं आणि तिला ते कळतही नाही. नवरा फोनवर बोलत पाण्याच्या कडेनं, आई आणि आत्या आपल्या गतीनं मागून कोणाच्या तरी लग्नाचा हिशोब मिटवत. पुढे गेलेला दिसतो, मागे राहिलेला दिसतो, मध्ये वळण नाही, झाडी नाही. एकत्र असायचं पण सतत एकमेकांशी बोलायचं नाही, ही सोय घरात मिळत नाही, गाडीत तर नाहीच.

आत्याचे गुडघे दुखरे, पण पुळणीवर ती तासभर चालते. यात कौतुक तिचं आहेच पण वाळूचंही आहे. वाळू बारीक असली की किनाऱ्याचा उतार कमी राहतो, जाडी भरड वाळू असली की किनारा तीव्र होतो आणि मग पाण्याला समांतर चालताना एक पाय कायम खाली, एक वर, घरी आल्यावर कंबर बोलायला लागते. इथे तसं नाही. शिवाय नुकतं पाणी मागे गेलेला पट्टा घट्ट असतो, कणांच्या मधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं, त्यावर बाबागाडीही सुरळीत चालते. वरच्या कोरड्या वाळूत मात्र पाय रुततो आणि साध्या रस्त्याच्या दुपटीहून जास्त ताकद खर्च होते, त्यामुळे घरापासून ओल्या पट्ट्यापर्यंतची पन्नास पावलं हीच काय ती चढाई. ओल्या वाळूवर पाऊल दाबलं की आजूबाजूचा भाग क्षणभर कोरडा पांढरा दिसतो, बघितलंय ना? दाबल्यावर कण एकमेकांपासून सरकतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी खाली ओढलं जातं. दाबलं की जागा वाढते हे उलटं वाटतं, पण 1885 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स नावाच्या इंग्लंडमधल्या प्राध्यापकानं ते समजावून सांगितलं. आमच्याकडे मुलगी त्याला "वाळू घाबरते" म्हणते आणि तेच चालू आहे.

आता वेळेचं. शहरातली माणसं "संध्याकाळी जाऊ" म्हणतात जसं काही समुद्र पाच वाजता उघडतो. आत्या आधी तिथी विचारते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब तिला तोंडपाठ. "अगं आज चतुर्थी, चार पाऊणे तीन, तीनला पूर्ण भरती, आत्ता चारला जाऊन काय करताय, सुरूच्या मुळाशी उभं राहाल. साडेपाचनंतर निघा, पाणी उतरत असेल." अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चालायला निघायचं की भजी तळायची एवढं ठरवायला पुरतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून काल ज्या वेळी मोकळी वाळू होती तिथे चार दिवसांनी पाणी असतं.

या हिशोबाची खरी गंमत पौर्णिमा-अमावस्येला. तेव्हा भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, बरोबर चालायच्या वेळा! त्यात उधाणाचे दिवस, पाणी जास्त मागे जातं. उतार शंभरात दोन एवढाच धरला तरी पाणी दोन मीटर उतरल्यावर शंभर मीटर रुंद वाळू उघडी पडते, सगळ्या गावानं क्रिकेट खेळावं एवढी. पौर्णिमेला एका बाजूनं सूर्य पाण्यात आणि दुसऱ्या बाजूनं माडांमागून चंद्र, त्याचं मी वर्णन करत नाही, जाऊन बघा. अष्टमीला उलट, संध्याकाळी सहाला भरती. त्या आठवड्यात बुकिंग केलं असेल तर पहाटे चालायला जाऊन उपयोग नाही, तेव्हाही भरतीच. दुपारी बाराच्या ओहोटीला जायचं तर टोपी घालून जा.

ओहोटीच्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसते, बिळापासून चहूबाजूला पसरलेली. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्यासारखं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. पुढची भरती सगळं पुसते, मग पुन्हा पहिल्यापासून. लहान मुलांबरोबर चालताना निम्मा वेळ इथे जातो आणि जाऊ द्यावा. माझी तक्रार आहे ती या नक्षीवरून गाडी घालणाऱ्यांबद्दल. सहा किलोमीटर सपाट वाळू दिसली की काही लोकांच्या पायाला ॲक्सिलरेटरची खाज सुटते, मग चाकं रुततात, भरती वर यायला लागते आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन. हिवाळ्यात याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला रात्री वर येतात, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. चालायच्या जागेवर चाला ना बाबा.

राहता राहिला प्रश्न वळायचं कुठे. गडाला माथा असतो, इथे काहीच नाही, म्हणून रोज वाद. माझं मत, वाऱ्याकडे तोंड करून निघावं. दुपारनंतर वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे आधी उत्तरेकडे चालायचं, येताना तो पाठीवर, दमलेली माणसं ढकलत आणतो. नवऱ्याला घड्याळात बघून अर्धा तास झाला की वळायचं असतं, मुलीला "तो वाकडा सुरू" येईपर्यंत, आणि वाकडे सुरू तिथे पुष्कळ. आत्या यात पडत नाही, ती तिच्या मनात आलं की नुसती वळते आणि घराच्या दिशेनं चालायला लागते. मग सगळे तिच्या मागे, कारण आमसुलाचं सार तिच्याच हातचं असतं आणि दाराची किल्ली तिच्याच कमरेला.